ओनेडिन लाइन : शिडं, पिंपं आणि भाड्याचा हिशेब

हरिपूर_संगम

सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींत सध्या ‘द ओनेडिन लाइन’च्या डीव्हीडी हातोहात फिरतायत, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीबीसीची मालिका, ऑक्टोबर 1971 ते ऑक्टोबर 1980, आठ सीझन, 91 भाग. कल्पना सिरिल अब्राहम यांची. कथेचा काळ 1860 ते 1886, गाव लिव्हरपूल. बाप वारल्यावर दुकान थोरल्या रॉबर्टकडे जातं आणि जेम्सच्या हाताला काही लागत नाही. बड्या जहाजमालक कॅलनची नोकरी सोडून तो म्हाताऱ्या कॅप्टन वेब्स्टरचं ‘शार्लट ऱ्होड्स’ जहाज मिळवायला निघतो, आणि जहाजाबरोबर वेब्स्टरच्या मुलीशी, अ‍ॅनशी, लग्न पदरात पडतं. सौदाच तो. पीटर गिल्मोर जेम्स, अ‍ॅन स्टॅलीब्रास अ‍ॅन, हॉवर्ड लँग कॅप्टन बेन्स.

प्रेमाने आठवणी काढायच्या आहेतच, पण ‘काय ते दिवस, काय त्या मालिका’ एवढ्यावर हा धागा संपायला नको. माझं म्हणणं असं की या मालिकेत खरी नायिका अ‍ॅनही नाही आणि जहाजही नाही. खरी नायिका मालभाड्याची पावती. वादळं सगळ्याच समुद्री मालिकांत येतात. बंदरात जहाज अडकलं म्हणून मालकाच्या तोंडचं पाणी पळालंय, हे इथेच दिसतं. ज्यांना शिडांतलं, मालातलं, हिशेबातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

---

मार्केटयार्ड_गल्ली4

हिशेबाचं मी घेतो.

पहिली गोष्ट, ब्रिटिश जहाजाची मालकी 64 हिश्श्यांत नोंदवली जायची, आणि तो आकडा कायद्यात बसलेला. 16 हिस्से म्हणजे चार आणे, 32 म्हणजे आठ आणे. जहाजात ‘वाटा’ असणं म्हणजे काय, हे त्यावरून कळतं. एकट्याचं भांडवल एका जहाजात गुंतवण्यापेक्षा चार जहाजांत 16-16 हिस्से घेणारे व्यापारी जास्त. एक बुडालं तरी माणूस बुडत नाही. जेम्स नेमका याच्या उलट वागतो, सगळं स्वतःच्या मुठीत ठेवतो. म्हणून त्याला दर दोन भागांनी उसनवारी करावी लागते.

दुसरी गोष्ट, डेमरेज, म्हणजे जहाज ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडकवल्याचा दंड. जहाज भाड्याने देताना करारात माल चढवायला-उतरवायला ठरावीक दिवस लिहिलेले असतात. जहाज पोहोचलं, कप्तानाने ‘तयार आहे’ अशी लेखी सूचना दिली, की दिवस मोजायला सुरुवात. समजा दहा दिवस ठरले, तेरा लागले आणि दर रोजचा आठ पौंड असेल, तर भाडेकरूने 24 पौंड भरायचे. भांडण कायम दोन गोष्टींवर: सूचना नक्की कधी दिली, आणि पावसाचा दिवस धरायचा की नाही. करारात ‘काम करण्याजोगे दिवस’ असं लिहिलं नसेल तर पावसाचा दिवसही मोजला जातो. जेम्स करार वाचताना बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतो ना, ते उगाच नाही.

तिसरी, आणि सगळ्यात गमतीची, जनरल अ‍ॅव्हरेज. वादळात जहाज वाचवायला कुणा एकाचा माल मुद्दाम समुद्रात टाकला, तर नुकसान त्या एकट्याचं नाही, सगळ्यांचं. उदाहरण घ्या:

जहाजाची किंमत 5,000 पौंड, मिळायचं भाडं 1,000, सगळा माल मिळून 4,000. एकूण 10,000. टाकलेला माल 1,000 चा. म्हणजे प्रत्येकाने आपल्या किमतीच्या दहा टक्के भरायचे. जहाजमालक 500, भाड्यावर 100, मालवाले 400. ज्याचा माल गेला त्याच्याही वाट्याचे दहा टक्के, म्हणजे 100, कापले जातात. त्याच्या हातात 900 पडतात. तो पूर्ण भरपाई मागतो तिथे खटला उभा राहतो.

अट एकच: त्याग जाणूनबुजून आणि सगळ्यांच्या बचावासाठी केलेला हवा. लाट येऊन डेकवरचा माल धुऊन गेला तर ते ज्याचं त्याने सोसायचं. याचे नियम 1864 मध्ये यॉर्कला आणि 1877 मध्ये अँटवर्पला बसून ठरवले, म्हणजे अगदी मालिकेच्या काळात. आणि हे जुनं प्रकरण समजू नका. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये आडवी झाली, तेव्हा मालकाने जनरल अ‍ॅव्हरेजच जाहीर केलं. कंटेनरमध्ये माल असलेल्यांना हमी भरल्याशिवाय माल मिळेना. परदेशी हळद-बेदाणा पाठवणाऱ्यांनी विम्याच्या कागदात हे कलम बघून ठेवावं.

---

बेदाणा

वाचनखूण साठवली. एक शंका. जहाज बुडालं तर खलाशांचा पगारही बुडायचा असं ऐकलंय, खरं का?

---

मार्केटयार्ड_गल्ली4

आधी खरं होतं. भाडं मिळालं तरच पगार, असा जुना नियम. माल पोहोचला नाही म्हणजे भाडं नाही, भाडं नाही म्हणजे पगार नाही. 1854 च्या मर्चंट शिपिंग कायद्याने तो मोडला. त्यामुळे 1860 मध्ये सुरू होणाऱ्या मालिकेत मालक ‘जहाज गेलं, आता पगार कसला’ म्हणत असेल तर तो खलाशाला फसवतोय असं समजा.

---

तांडेल_सातारा

शिडांबद्दल लिहितो. लांबेल, माफ करा.

सगळ्यात आधी, मालिकेतली ‘शार्लट ऱ्होड्स’ ही तीन डोलकाठ्यांची स्कूनर. प्रत्यक्षातलं जहाज 1904 मध्ये डेन्मार्कात बांधलेलं. म्हणजे कथेतल्या सालापेक्षा 44 वर्षांनी धाकटं. 1979 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जळून गेलं. मालिकेच्या शेवटच्या वर्षांत ‘सोरेन लार्सन’ हे 1949 चं डॅनिश जहाजही वापरलं गेलं. चित्रीकरण लिव्हरपूलमध्ये फारसं नाही. डार्टमथचा बेयार्ड्स कोव्ह आणि एक्सेटरचा धक्का यांनाच लिव्हरपूल म्हणून उभं केलंय.

आता स्कूनरच का? याचं उत्तर पोर्तुगालच्या वाऱ्यात आहे. जेम्सला पहिला मोठा धंदा मिळतो तो सेन्योर ब्रागांझाच्या दारूचा. लिस्बन ते लिव्हरपूल साधारण हजार सागरी मैल. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या किनाऱ्याला वारा उत्तरेकडून येतो. जाताना पाठीशी, येताना, म्हणजे भरल्या जहाजाने, थेट तोंडावर.

कंपासचे 32 बिंदू, एक बिंदू सव्वाअकरा अंश. आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडं लावलेलं मोठं जहाज वाऱ्याच्या जास्तीत जास्त सहा बिंदू जवळ जातं, म्हणजे 67.5 अंश. लांबीच्या दिशेने शिडं असलेली स्कूनर पाच बिंदूंपर्यंत, 56 अंशांच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो. हिशेब करा: नागमोडी जात शंभर मैल पाणी कापलं, तर चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेने 38 मैल पुढे सरकतं, स्कूनर 56. त्यातून बाजूला घसरणं वजा होतं ते वेगळं. वर मोठ्या जहाजाला वीस-पंचवीस माणसं लागतात, शंभर फुटी स्कूनर सहा-सातांत चालते. पगार आणि जेवण दोन्ही वाचलं. कॅलनच्या मोठ्या जहाजांना जेम्स भाव पाडून मात देतो ती याच जोरावर.

शहाणा कप्तान किनाऱ्याला चिकटून उत्तरेकडे झुंजत बसत नाही. तो डाव्या हाताला, पश्चिमेला, खुल्या अटलांटिकमध्ये शिरतो आणि वर पश्चिमेचे वारे लागेपर्यंत तसाच जात राहतो. अंतर वाढतं, दिवस कमी होतात.

---

विश्रामबाग

चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्यातून वळवताना कुठे चुकतं ते सांगा ना. बेन्स ओरडतो, सगळे दोऱ्यांवर धावतात, आपल्याला काही कळत नाही.

---

तांडेल_सातारा

क्रम असा.

आधी वेग मिळवायचा. शिडं पूर्ण भरलेली हवीत. इथेच अर्धी लढाई. वाऱ्याला फार जवळ घुसून आधीच वेग घालवलेलं जहाज वळत नाही.

मग सुकाणू हळूहळू फिरवायचं. एकदम गच्च फिरवलं तर सुकाणूच ब्रेकचं काम करतं. त्याच वेळी पुढच्या तिकोनी शिडांच्या दोऱ्या सैल सोडायच्या, म्हणजे ती नाळेला, जहाजाच्या पुढच्या टोकाला, वाऱ्यापासून दूर ढकलणार नाहीत. मागचं शीड मध्यावर ओढायचं, ते शेपूट फिरवतं.

नाळ वाऱ्याच्या तोंडावर आली की पुढच्या डोलकाठीची शिडं उलटी फुगतात. ती तशीच राहू द्यायची, त्यांच्यामुळेच नाळ पलीकडे ढकलली जाते. मधल्या आणि मागच्या डोलकाठीच्या आडव्या काठ्या मात्र याच क्षणी फिरवायच्या, कारण पुढच्या शिडांच्या आडोशाने त्यांच्यावर वारा कमी असतो आणि माणसांना त्या ओढता येतात. पाच सेकंद उशीर झाला की वारा भरतो आणि दहा माणसांनाही काठी हलत नाही. नाळ पुरेशी पलीकडे गेली की मग पुढच्या काठ्या फिरवायच्या.

चुकतं ते असं: जहाज मध्येच अडकतं, वारा नाकासमोर, वेग शून्य. सुकाणू वाहत्या पाण्यावर चालतं. पाणी थांबलं की ते मेलेलं. आणि थोड्या वेळाने जहाज मागे सरकायला लागतं, तेव्हा सुकाणू उलट फिरवावं लागतं. नवखा सुकाण्या इथे हमखास गोंधळतो. मागे सरकणं जोरात असेल तर सुकाणूच्या बिजागऱ्या निखळतात. वळणं जमेनाच, तर पाठ वाऱ्याला करून उलटा मोठा वळसा घ्यायचा. तो सुरक्षित, पण वाऱ्याकडे कमावलेलं अंतर हातचं जातं. शेजारी खडकाळ किनारा असेल तर तेवढी जागाच नसते, आणि मालिकेतल्या निम्म्या ताणाचं मूळ तेच.

---

कास_पठारी

खिक्. म्हणजे बेन्स रागावतो ते पाच सेकंदांसाठी.

अवांतर: सुरुवातीचं संगीत खाचातुरियनच्या ‘स्पार्टाकस’ बॅलेमधला अदाजिओ. बॅले पहिल्यांदा 1956 मध्ये लेनिनग्राडला झाला. गुलामाच्या बंडावरच्या प्रेमप्रसंगाचं संगीत लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला एवढं चपखल बसेल असं कुणाला वाटलं असतं! आता ते ऐकलं की डोळ्यांपुढे शिडंच येतात. बिचारा स्पार्टाकस.

---

हरिपूर_संगम

पिंपांचं कुणी लिहिणार का? ब्रागांझाच्या दारूवर पहिल्या सीझनचा मोठा भाग उभा आहे.

---

माहुली_घाट

लिहिते.

पोर्ट वाईनचं मोठं पिंप साधारण 530 ते 550 लिटरचं, भरल्यावर सहाशे किलोच्या वर. रचण्याचा नियम दोन गोष्टींचा: बूच वर, पोट मोकळं.

बूच वर का, ते उघड आहे. खाली किंवा बाजूला आलं तर गळती. पोट मोकळं का, हे कमी जणांना माहीत असतं. पिंपाची ताकद टोकांजवळच्या कड्यांत असते, मधल्या फुगीर भागात नाही. पोट तळाला टेकलं तर वरच्या थराचं वजन मधल्या फळ्यांवर येतं, त्या आत वाकतात आणि सांधे उघडतात. म्हणून दोन्ही टोकांजवळ खाली आडव्या लाकडी पट्ट्या टाकायच्या, त्यावर पिंप जहाजाच्या लांबीच्या दिशेने ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. पोटाखालून हात फिरला पाहिजे. वरच्या थरातलं प्रत्येक पिंप खालच्या चारांच्या मधल्या खळग्यात. एवढ्या मोठ्या पिंपांचे सहसा तीनच थर. पाचरी हिरव्या लाकडाच्या असतील तर प्रवासात सुकून सैल होतात, आणि एक पिंप हललं की सगळी ओळ हलते.

गळती कशी कळते? जहाजाच्या तळात पंपाची विहीर असते. तिच्यात दोरीला बांधलेली लोखंडी सळई खडू लावून सोडायची, ओली खूण किती इंच ते पाहायचं. दर पहाऱ्याला ही नोंद. पाणी वाढलं आणि पंपाला दारूचा वास आला, तर जहाज नव्हे, माल गळतोय.

आणि चोरी. खलाशी पिंपाचं कडं थोडं सरकवत, त्याखाली गिरमिटाने बारीक भोक पाडत, नळीने पीत, भोकात लाकडी खुंटी ठोकून कडं परत जागेवर. बाहेरून काही दिसत नाही. पिंपावर टकटक केल्यावर आवाज पोकळ येतो तेव्हा उलगडा होतो, तोवर जहाज धक्क्याला. थोडी तूट फळ्यांतून बाष्प होऊनही येते, त्यामुळे किती तूट ‘नैसर्गिक’ हा वाद कायमचा.

---

मार्केटयार्ड_गल्ली4

माहुलीताई, झकास. मालाच्या ओलाव्याची यात भर घालतो. आपली हळद सांगलीहून जाते ती वाळवून, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणून. तरी उष्ण बंदरातून थंड बंदराकडे जाताना पोत्यातलाच ओलावा हवेत येतो, कंटेनरचं छत गार पडतं आणि थेंब वरून पोत्यांवर टपकतात. म्हणून आत क्राफ्ट कागदाचं अस्तर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. शिडाच्या जहाजात हेच काम झाकणं उघडून हवा खेळवण्याने करत. पण लाट येत असताना झाकण उघडता येत नाही, आणि ओली हवा बाहेर असेल तर उघडल्याने उलट नुकसान. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच उघडायचं, हा साधा नियम मोडल्याने माल बुरसतो.

मोकळ्या धान्याची तऱ्हा आणखी वेगळी. प्रवासात ते खाली बसतं, वर पोकळी राहते, जहाज कललं की सगळं एका बाजूला घसरतं आणि परत येत नाही. म्हणून मधोमध उभ्या फळ्यांची भिंत घालत. आणि धान्याचे दाणे किंवा कोळशाची भुकटी तळातल्या पाणी वाहण्याच्या भोकांत अडकली तर पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही. पंप कोरडा, जहाजात मात्र पाणी. त्यासाठी त्या भोकांतून एक साखळी कायमची ओवलेली असे. ती पुढे-मागे ओढली की भोकं मोकळी.

---

बेदाणा

वेग कसा मोजायचे? ते लाकडी तुकडा फेकतात ते?

---

तांडेल_सातारा

हो. पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी, गोल कडेला शिसं, म्हणजे पाण्यात उभी राहते. तिला दोरी, दोरीवर दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. फळी मागे टाकायची, स्थिर होऊ द्यायची, मग 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटायचं. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या तितके नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. आकडा असा येतो: सागरी मैल 6,080 फूट, त्याला 3,600 ने भागून 28 ने गुणा. ओढताना झटका दिला की एक खुंटी सुटते, फळी आडवी होते आणि दोरी सहज परत येते.

चूक कुठे: घड्याळात ओलावा गेला की वाळू हळू पडते, वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. दोरी ताणून लांबली की गाठी लांब होतात, वेग कमी दिसतो. ही दुसरी चूक जीवघेणी. तुम्ही समजता किनारा वीस मैल लांब आहे, तो समोर उभा असतो. म्हणून दोरी ओली करून वारंवार फूटपट्टीला लावत.

किनाऱ्याजवळ खोली मोजायला शिशाचा गोळा, सात ते चौदा पौंडांचा. दोरीवर खुणा: दोन फॅदमला चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनला तीन, पाचला पांढरी चिंधी, सातला लाल, दहाला भोक पाडलेलं चामडं. फॅदम म्हणजे सहा फूट. पांढरी चिंधी सुती, लाल लोकरी, अशी कापडंही वेगवेगळी, कारण रात्री खूण डोळ्यांनी नव्हे, बोटांनी आणि ओठांनी ओळखायची. गोळ्याच्या तळाच्या खळग्यात चरबी भरत. तळाची वाळू, चिखल, शिंपले तिला चिकटून येत आणि कप्तान नकाशाशी ताडून पाही.

---

विश्रामबाग

आगबोटींचे भाग मला कंटाळवाणे वाटतात. शिडं गेली, मजा गेली.

---

हरिपूर_संगम

असहमत. जेम्सची खरी कसोटी तिथेच आहे. लिव्हरपूलच्याच अल्फ्रेड होल्टने 1866 मध्ये ‘अगामेम्नॉन’ ही आगबोट काढली. एकच वाफ दोन सिलिंडरांत, आधी जास्त दाबाच्या, मग कमी दाबाच्या, दोनदा वापरायची. कोळसा इतका वाचला की मॉरिशसपर्यंत 8,500 मैल मध्ये कुठेही कोळसा न भरता गाठता आलं. कोळसा कमी म्हणजे मालाला जागा जास्त, एवढं साधं गणित.

त्यावर 17 नोव्हेंबर 1869 ला सुएझ उघडला. लंडन-मुंबई अंतर आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जवळजवळ 10,700 सागरी मैल, सुएझने 6,300 च्या घरात. शिडाच्या जहाजाला त्याचा उपयोग नाही. कालव्यातून ओढून न्यावं लागतं, आणि लाल समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक काळ उत्तरेचाच. ‘कटी सार्क’ हे शिडाचं नावाजलेलं जहाज पाण्यात उतरलं 22 नोव्हेंबर 1869 ला, कालवा उघडल्यावर पाचच दिवसांनी. शिडांचा माणूस हे सगळं बघतो, नाक मुरडतो आणि शेवटी आगबोटीत पैसे घालतो. जेम्सचा हट्टीपणा आणि व्यवहारीपणा एकाच वेळी दिसतो तो इथे.

---

माहुली_घाट

+1. आणि बेन्सचा भागही विसरू नका. परदेशी जाणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला आणि मेटला, म्हणजे त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, 1850 च्या कायद्यापासून सरकारी दाखला लागायचा, परीक्षा देऊन. उभा जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला अक्षरओळख नाही म्हणून अडावं लागतं, आणि अ‍ॅन त्याला वाचायला शिकवते. हॉवर्ड लँगने ते ओशाळलेपण न बोलता दाखवलंय. दुसऱ्या सीझनच्या शेवटी अ‍ॅन बाळंतपणात जाते, त्यानंतर मालिका चांगली आहे, पण तशी नाही.

---

अजिंक्यतारा_पायथा

धागा वर काढतो. ‘शार्लट ऱ्होड्स’चं मॉडेल 1:48 प्रमाणात करतोय. डोलकाठीच्या बाजूच्या दोरांवर शिडीसारख्या आडव्या दोऱ्या बांधल्यावर मधले दोर आत ओढले जाऊन कंबर बारीक झाल्यासारखे दिसतात. काय करावं?

---

तांडेल_सातारा

आडवी दोरी गाठीगाठीला ताणताय, म्हणून. उपाय: दोरांच्या मागे पांढरा कार्डबोर्ड लावा. त्यावर आठ-आठ मिलिमीटरवर आडव्या रेघा मारा, प्रत्यक्षातल्या 15 इंचांचं 1:48 ला तेवढंच होतं. दोरांची जागाही त्यावर आखा. मधल्या दोरांवर खुंटीची गाठ, दोन्ही टोकांना नुसती गाठ न मारता छोटा फास करून बारीक दोऱ्याने आवळा. प्रत्येक पाचवी आडवी दोरी आधी बांधा, मग मधल्या भरा. वरून खाली सलग बांधत गेलात तर चूक साचत जाते. थेंबभर पातळ फेव्हिकॉल, जास्त नको, चमकतं.

दोरा आधी मेणातून ओढा, तंतू बसतात. आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात सुती दोरा दमट हवेत आखडतो, उन्हाळ्यात सैल पडतो. जुलैत गच्च ताणून बांधलं तर एप्रिलमध्ये लोंबेल. एप्रिलमध्ये ताणलं तर जुलैत डोलकाठी वाकेल. पॉलिस्टर दोरा घ्या, तो हवेने फारसा हलत नाही.

---

अजिंक्यतारा_पायथा

पॉलिस्टरवर फेव्हिकॉल धरेल का?

---

तांडेल_सातारा

नीट धरत नाही. गाठीवर सुईच्या टोकाने सायनोचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूचा, कण लावा. पांढरा डाग पडतो तिथे मॅट वॉर्निशचा हात फिरवा.